मातीचा म्हातारा

आमचे हे सकाळीच म्हाताऱ्यावर चढले आणि शिडी वर ओढून घेतली. दुपारी मी खाली उभी राहून तोंडाला येईल ते बोलत होते. हातात त्यांचा जेवणाचा डबा होता. तो त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटत होतं, पण डोकं पार वर, माझा हात कुठला पोचायला!

म्हातारा म्हणजे माणूस नव्हे हं. आम्ही विटा करणारी माणसं. जमीन खणायची, मातीचा चिखल करायचा, साच्यातून विटा पाडायच्या, वाळवायच्या आणि भट्टीत भाजायच्या. खणताना मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच सोडायचा. त्याच्या माथ्यावर जुनी जमीन असते, गवतासकट, म्हणजे आपण किती खोल गेलो ते कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतं. कुणी थापा मारायला लागला की म्हणायचं, जा, म्हाताऱ्याला विचार. काम संपलं की त्यालाही खणून टाकायचा. आमचा मात्र राहिला, कारण आमचं काम काही संपेचना. दोन मजली घराएवढा उंच, आणि वर दोघं मांडी घालून बसतील एवढीच जागा.

त्याच्याभोवती, खड्ड्याच्या तळाशी, आमचं अख्खं गाव होतं. आणि त्या दिवशी त्या गावात पाणी सोडायला सुरुवात झाली होती.

आता एवढ्याशा गावाचं हे असं कसं झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. विभागाला राजधानी हवी होती. आमच्या एका अंगाला मोठं शहर, दुसऱ्या अंगाला दुसरं मोठं शहर. दोघांनाही राजधानी हवी, आणि त्याहून जास्त म्हणजे ती दुसऱ्याला मिळता कामा नये. मोर्चे झाले, दुकानं बंद, रस्ते बंद. शेवटी वर बसलेल्या कुणीतरी वैतागून नकाशावर दोघांच्या बरोबर मधे बोट ठेवलं. बोटाखाली आम्ही निघालो. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं म्हणत गाव एकमेकांच्या गळ्यात पडलं. तिसऱ्याचं पुढे काय होतं, ते त्या म्हणीत कुणी सांगून ठेवलेलं नाही.

आधी तंबू आले, मग पत्र्याच्या शेड. जागा नव्हती म्हणून शाळेच्या एका वर्गात नोंदणीचं ऑफिस, दुसऱ्यात कोर्ट आणि तिसऱ्यात पोरं. कोर्टात आरोपीला पुकारलं की पलीकडून सगळी पोरं ‘हजर’ म्हणून ओरडायची. आम्ही पोट धरधरून हसायचो. राजधानी म्हणजे अशीच काहीतरी गंमत असेल असं वाटायचं तेव्हा.

मग इमारती सुरू झाल्या. इमारतींना विटा लागल्या, आणि आमची माती अशी चिकण की विटेला तडा जाईल तर शपथ. भाव चांगला मिळाला, खोटं कशाला बोलू. आधी पडीक खणली. मग शेतं. मग परसदार. मग लोकांनी घरं पाडली, घराखालची माती काढली आणि खड्ड्याच्या तळाशी पुन्हा घरं बांधली. कचेरी एक मजला चढली की आम्ही तेवढे उतरायचो. कुणी जबरदस्ती केली नाही हो, बोट दाखवायलासुद्धा कुणी नाही. आम्हीच आमचं गाव टोपल्यांत भरून डोक्यावरून वर नेऊन दिलं. वरच्या नव्या पाट्यांवर गावाचं नाव झळकलं आणि खाली राहिलेल्या आम्हाला लोक खड्डेवाले म्हणायला लागले.

सचिवालय उभं राहिलं तेव्हा एक भानगड लक्षात आली. मोठ्या साहेबांच्या खिडकीतून खड्डा दिसतो. पाहुण्यांपुढे ते बरं दिसत नाही. म्हणून ठरलं, तिथे तळं करायचं. कठडा, दिवे, रंगीत बोटी. आम्हाला वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर खोल्या मिळाल्या. नळाला पाणी, भिंतीला रंग. मी तर खूष झाले, आयुष्यभर चिखलात पाय होते माझे. बाकीचेही मुकाट्याने गेले. ह्यांचं मात्र एकच पालुपद. तळ्याच्या काठावर पाटी लावा, इथे गाव होतं अशी. एवढंच. त्यासाठी ते कुठे कुठे जाऊन आले. लोक हसायचे. पाटी तयारच होती, रंगवून ठेवलेली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘तळ्यात पोहू नये.’

तर ते वर जाऊन बसले.

“अहो, उतरा खाली! पाणी यायला लागलंय!”

“येऊ दे.”

“येऊ दे काय! तो म्हातारा कच्च्या मातीचा आहे. पायथ्याशी पाणी मुरलं की बसेल खाली.”

“एवढा पाऊस खाल्लाय त्याने. काही होत नाही.”

“पाऊस वरून वाहून जातो हो! हे पाणी पायाशी साचणार. दोन्ही सारखं आहे का?”

“अगं, तुला काय कळतं,” ते म्हणाले, आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

माझं टाळकंच सरकलं. मला काय कळतं? माती भिजवायची, तुडवायची, विटा पाडायच्या, ते सगळं माझं काम. भट्टी रचायची, पेटवायची, आग सांभाळायची, ते त्यांचं. त्यांच्या हातात माती यायची ती वाळलेली, खडखडीत. भट्टीतून निघायची ती दगडासारखी. ओली माती माणसाशी कशी दगा करते, ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आणि कच्च्या विटेला ते वीटच म्हणायचे नाहीत. बायकांचं काम म्हणायचे. आमच्याकडे भट्टी लावणारे सगळेच असे, आगीपुढे बसून बसून त्यांना वाटतं की आपण हात लावला की माती पक्की होते.

समोरच्या भिंतीतल्या मोठ्या पाइपातून पाणी धो धो पडत होतं. खड्ड्याच्या सखल भागात आधी पसरलं, मग आमच्या जुन्या घराच्या उंबऱ्यापाशी आलं. माझे पाय भिजले तेव्हा मी डबा काठावर ठेवला आणि सचिवालयाकडे पळत सुटले.

त्या इमारतीत मी पहिल्यांदाच आत जात होते. दारावरच्या शिपायाने अडवलं. मी त्याला म्हटलं, “बाबा रे, माझा नवरा मरायला बसलाय, तुला काय हवं ते नंतर विचार.” माझा अवतार बघून तो बाजूला झाला असेल. जिन्यात गुळगुळीत फरशी, माझ्या चिखलाच्या पायांनी मी दोनदा घसरले. पाण्याचे साहेब मीटिंगमध्ये होते. मी दारातच बसकण मारली आणि आवाज चढवला, तेव्हा ते बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांखाली काळं, हातात अर्धा चहा.

“बाई, मला सगळं माहीत आहे,” ते म्हणाले. “सकाळीच कळलं. माणसं पाठवली होती. त्यांनी वरून ढेकळं मारली.”

“ते मारणारच, साहेब. पण पाणी थांबवा. तो खांब विरघळेल.”

“उद्या कार्यक्रम आहे. आत्ता पाणी थांबवलं तर तळं भरत नाही. आणि खरं सांगू? मी थांबवलं तर ते कधीच उतरायचे नाहीत. पाणी जरा चढलं की आपोआप उतरतील बघा. माणूस हट्टी असतो, वेडा नसतो. मी काठावर बोट ठेवली आहे, दोन पोहणारे ठेवले आहेत.”

“तुम्ही माझ्या नवऱ्याला ओळखत नाही.”

“तुम्ही घाबरला आहात, बाई. पाणी प्या.”

पाणी प्या म्हणे! माझ्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि हा मला पेला पुढे करतोय. मी तिथून उठले. पालथ्या घड्यावर पाणी ओतून उपयोग नव्हता. आता एकच माणूस उरला होता, आमचे भाऊजी.

भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. पंपघरात कामाला. पाइपाचं ते मोठं लोखंडी चाक उघडायचं आणि बंद करायचं, एवढंच काम, पण सरकारी. सगळ्या खड्डेवाल्यांत सरकारी नोकरी त्यांना एकट्याला मिळालेली. सासूबाई गेल्या तेव्हा ते एवढेसे होते, त्यांचं नाक पुसण्यापासून सगळं मी केलं. लग्न मीच जमवलं.

पंपघर सचिवालयाच्या मागे. आत मशीनचा इतका आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. भाऊजी स्टुलावर बसले होते, अंगात निळा गणवेश, इस्त्रीचा. मला बघून उभे राहिले.

“वहिनी! तुम्ही इथे कशाला आलात? बाहेरच्या माणसाला इथे यायची परवानगी नाही.”

“मी बाहेरची का? बरं. पाणी बंद करा, भाऊजी.”

“दादा बसलाय ना वर? मला कळलं. वहिनी, त्याचं हे नेहमीचंच आहे. तुम्ही जेवण घेऊन गेलात की त्याला जोर येतो. उपाशी ठेवा, उतरेल.”

“थट्टा करू नका. खाली पाणी मुरतंय.”

“हुकमाशिवाय मी चाकाला हात लावला तर माझी नोकरी गेली. गेलीच. मुलांचं काय करू?”

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. ते मागे सरकले, भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा लहानपणी मार खाताना व्हायचा तसा झाला होता. मग माझा तोल गेला. आयुष्यात मी त्यांना अहो-जाहो करत आले, त्या दिवशी नाही केलं.

“ऐक,” मी म्हटलं. “तू माझ्या पायाशी लोळत वाढलास त्या चिखलात. कच्ची वीट पाण्यात पडली की काय होतं, सांग मला. सांग ना! उचलता येते का ती? हातात येते का काही?”

त्यांची नजर चाकाकडे गेली.

“तुझा भाऊ त्या विटेवर बसलाय रे.”

भाऊजींनी एकदा दाराकडे पाहिलं. मग चाकाला दोन्ही हात घातले. ते इतकं जड होतं की त्यांच्या एकट्याने फिरेना. मीही हात लावला. दोघांनी मिळून फिरवलं, पाय फरशीवर रोवून, दात खाऊन. मशीनचा आवाज चालूच होता, पण पाइपाची थरथर कमी कमी होत थांबली. भाऊजी खाली बसले आणि रडायला लागले. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तशीच धावत सुटले. देवा, काय हलकं वाटलं होतं मला तेव्हा!

काठावर पोचले तर ही गर्दी. कठड्याला रेलून कचेरीतली माणसं, गळ्यात ओळखपत्रं घातलेली. आमची माणसंही वसाहतीतून आलेली. टाळ्या वाजत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या. पाइपातून आता नुसते थेंब ठिबकत होते. आणि आमचे हे म्हाताऱ्यावर उभे राहून दोन्ही हात वर करून नाचत होते. ह्या वयात! लग्नातसुद्धा नाचले नव्हते.

आमची शेजारीण माझ्या अंगावर येऊन आदळली. तिला आम्ही बातमीबाई म्हणतो, कुठेही काही घडो, ही तिथे आधीच हजर.

“जिंकलीस गं! पाणी बंद! थोडक्यात हुकलं बघ, नाहीतर तुझा नवरा हरला होता.”

“म्हणजे?”

“अगं, पाणी भराभर चढायला लागलं तसा घाबरला की तो! शिडी सोडली होती खाली. बोट पण निघाली होती त्याच्याकडे. एक पाय शिडीवर ठेवलासुद्धा. तेवढ्यात पाणी थांबलं. मग काय, पाय घेतला वर, शिडी घेतली वर, आणि बोटवाल्याला म्हणतो, जा आता, साहेबाला पाटी घेऊन पाठव.”

मी गर्दीतून वाट काढत उतारावरून खाली गेले आणि पाण्यात शिरले. पाणी गढूळ, दुधाच्या चहाच्या रंगाचं. तो रंग मी ओळखते, माती सुटल्याचा रंग आहे तो. म्हाताऱ्याकडे बघितलं. पाण्याच्या वर चांगला हातभर पट्टा काळा पडला होता. ओल चढत होती. पाणी थांबलं होतं, पण ओल थांबत नाही. ती आतून चढत राहते.

“अहो!” मी ओरडले. “उतरा! आत्ताच्या आत्ता उतरा!”

“आता कशाला उतरू?” ते वरून हसत म्हणाले. “बंद केलं की त्यांनी! बघितलंस?”

“त्यांनी नाही बंद केलं! मी केलं! मी आणि भाऊजींनी!”

“आं?”

“आम्ही बंद केलं! तुमच्यासाठी! आता उतरा, तुमच्या पाया पडते, शिडी सोडा!”

त्यांचे वर केलेले हात खाली आले. मला वाटलं, ऐकतायत. मग त्यांनी मान वळवून काठावरच्या त्या टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे पाहिलं.

“शाब्बास!” ते म्हणाले. “धाकट्याने नाव काढलं. आता पाटी आल्याशिवाय हलत नाही बघ मी.”

मी छातीएवढ्या पाण्यात होते. बोटवाल्याला हाका मारल्या, तो वळून यायला लागला होता. मी भट्टीवर मजुरांना द्यायचे तशा शिव्या दिल्या ह्यांना, मग गयावया केली, मग मुलीची शपथ घातली. ती परगावी दिली आहे, तिच्या नावाने ते नेहमी विरघळतात. ते खाली बसले, पाय कडेवरून खाली सोडले, आणि प्रेमाने म्हणाले, “अगं, ओरडू नकोस एवढी, घसा बसेल. डबा कुठाय? भूक लागली बघ.”

आणि म्हातारा बसला. कोसळला असंही म्हणता येणार नाही. पायथ्याची एक बाजू सुटली, ती पाण्यात सरकली, आणि वरचा सगळा भार तिच्यामागून आला. आवाज फारसा झालाच नाही. काठावरच्या टाळ्या एकदम थांबल्या, तो आवाज मला जास्त ऐकू आला.

माती काढायला आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको. सगळे उड्या टाकून धावले. बायका, म्हातारेकोतारे, बातमीबाई, सगळे. हातांनी उपसत होते, टोपल्यांनी, डब्यांनी. आमची ती चिकण माती, हाताला धरली की सोडत नाही. ते सापडले तेव्हा त्यांची छाती मातीने गच्च दाबलेली होती. मी त्यांचा चेहरा धुतला. पाणी भरपूर होतं.

तळं झालं. कार्यक्रम पुढे ढकलला आणि मग झाला. बोटी आल्या, दिवे आले. पाटी एकच आहे, पोहू नये म्हणून. पाण्याचे साहेब एकदा घरी येऊन गेले, खुर्चीवर नुसते बसून राहिले आणि चहा न पिता गेले. त्यांना मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं त्यांच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. पाणी तसंच चढू दिलं असतं तर ह्यांचा दुसरा पायही शिडीवर आला असता. मी तो शिडीवरचा पाय परत वर पाठवला, ह्या माझ्या हातांनी, ते जड चाक फिरवून. हे मला माहीत आहे. बातमीबाईलाही माहीत असावं, कारण ती आता माझ्याकडे बघून बोलत नाही.

भाऊजींना माहीत नाही. ते तेव्हा पंपघरात बसून रडत होते, त्यांनी काठावरचं काही पाहिलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही. त्यांची नोकरी गेली. रोज संध्याकाळी ते माझ्याकडे येतात, स्वयंपाकघरात खाली बसतात, मी जेवायला वाढते. खातात, हात धुतात आणि मग दारात उभे राहून तेच विचारतात.

“वहिनी, मी बंद केलं ना? उशीर झाला होता, पण केलं ना? अजून थोडं आधी केलं असतं तर दादा वाचला असता.”

मी भांडी आवरत असते. मी त्यांच्याकडे बघत नाही.

“नाही हो भाऊजी,” मी म्हणते. “तुम्ही वेळेवरच केलंत.”